डबक्यातून कोण काय नेतं

एडमंड गॉसचं ‘फादर अँड सन’ (१९०७) हे बाप-मुलाच्या संघर्षाचं पुस्तक म्हणून वाचलं जातं. बाप कडवा धार्मिक, मुलगा साहित्याकडे ओढलेला, आणि काळ डार्विनचा. ते तसं आहेच. पण त्यातला मला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग वेगळा आहे. तो आहे डेव्हनच्या किनाऱ्यावरच्या, कातळातल्या डबक्यांचा. ओहोटीला समुद्र मागे सरतो, खडकांच्या खळग्यांत थोडं पाणी अडकून राहतं आणि त्यात शेवाळं, समुद्रफुलं, खेकडे, शंखातल्या गोगलगायी यांचा संसार चालू असतो. लहानपणी आपण तिथे जे पाहिलं ते इंग्लंडच्या किनाऱ्यावर आता कुणालाच दिसणार नाही, असं एडमंड सांगतो. आणि त्याचा ठपका तो स्वतःच्या बापावर ठेवतो.

बाप म्हणजे फिलिप हेन्री गॉस. डेव्हनच्या किनाऱ्यावरचं त्याचं पुस्तक १८५३ साली आलं, पुढच्याच वर्षी ‘द अ‍ॅक्वेरियम’ आलं. काचेवरचा कर १८४५ मध्येच उठला होता, रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोचली होती. समुद्रफूल कुठे सापडतं, ते छिन्नी-हातोडीने खडकापासून सुटं कसं करायचं, घरी काचेच्या टाकीत जगवायचं कसं, हे गॉसने इतक्या प्रेमाने लिहिलं की माणसं झुंडीने किनाऱ्यावर उतरली आणि डबकी रिकामी करून गेली. बापाला याचं फार वाईट वाटलं, हेही मुलगा नोंदवतो. या भागाची ताकद इथे आहे. नासधूस करणारा इथे कुणी खलनायक नाही, डबक्यावर जीव असलेला माणूसच आहे.

तरीही या मांडणीत मला एक खोट दिसते. एडमंडची डबकी ईडनच्या बागेसारखी आहेत: सृष्टीच्या आरंभापासून जशीच्या तशी, शांत, आणि माणूस आला तेव्हा पहिल्यांदा विस्कटलेली. जग तयार स्थितीतच निर्माण झालं असं बापाने १८५७ साली ‘ओम्फॅलॉस’मध्ये मांडलं होतं. मुलाने तो विचार टाकून दिला, पण डबक्यापाशी आल्यावर तोही नकळत तेच म्हणतो. प्रत्यक्षात कातळातलं डबकं कधीच शांत नसतं. दुपारी पाणी तापतं आणि खारटपणा वाढतो, पावसात ते गोडं होतं, वादळात लाटा खडक खरवडून काढतात. तिथले जीव या उलथापालथीतच जगायला शिकलेले असतात.

विसाव्या शतकातल्या विज्ञानाने नेमका हा मुद्दा उचलला. रॉबर्ट पेन यांनी वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर खडकाच्या एका पट्ट्यातून तारामासे उचलून फेकायला सुरुवात केली. १९६६ च्या त्यांच्या निबंधानुसार तिथल्या १५ जाती ८ वर आल्या. तारामासा काळे शिंपले खातो. खाणारा गेल्यावर शिंपल्यांनी जागा बळकावली आणि बाकीच्यांना हुसकलं. १९७८ साली जोसेफ कॉनेल यांनी वर्षावनं आणि प्रवाळांच्या आधारे एक सर्वसाधारण सूत्र मांडलं: विस्कळीतपणा फार कमी असला तर बलवान जात सगळं व्यापते, फार जास्त असला तर मोजकेच चिवट जीव टिकतात, वैविध्य सर्वाधिक असतं ते मधल्या टप्प्यावर. आलेख काढला तर टेकडीसारखा.

ही टेकडी माझ्या व्यवसायात फार लोकप्रिय होईल अशी आहे. ‘डिसरप्शन’ हा शब्द आम्ही शिवीसारखा नाही, पदकासारखा वापरतो. नेटफ्लिक्सने चालू यंत्रणेतले सर्व्हर मुद्दाम पाडणारा ‘केऑस मंकी’ नावाचा प्रोग्रॅम बनवला, आणि त्यातून यंत्रणा खरोखरच भक्कम होते. पण ती होते कारण पाडलेल्या सर्व्हरची हुबेहूब प्रत काही मिनिटांत उभी राहते. ही अट सोडून दिली की ‘थोडी उलथापालथ चांगलीच’ हे वाक्य कशाच्याही समर्थनाला वापरता येतं.

टेकडीच्या आडव्या अक्षावर एकच गोष्ट मोजलेली असते: किती. ‘काय’ हा प्रश्न तिथे नाही. तो विचारला जेन लुबचेंको यांनी, आणि तोही १९७८ मध्येच. त्यांचं काम अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या डबक्यांत होतं. तिथे पेरिविंकल नावाची शंखातली छोटी गोगलगाय शेवाळ खरवडून खाते. डबक्यात तिचं आवडतं खाणं म्हणजे एक कोवळं हिरवं शेवाळ, आणि तेच बाकी शेवाळांना मागे सारणारं. गोगलगायी नसल्या तर हिरवळ सगळं व्यापते. फार झाल्या तर त्यांना न रुचणारं एक चिवट लाल शेवाळ तेवढं उरतं. मध्यम असल्या तर सर्वाधिक जाती. इथवर टेकडी बरोबर. पण ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकावर बलवान असलेलं शेवाळ गोगलगायींना आवडत नाही. त्या दुबळ्यांनाच खातात, म्हणून तिथे त्या जितक्या जास्त, तितकं वैविध्य कमी. तीच गोगलगाय, तोच किनारा, आणि परिणाम उलटा. २०१३ साली जेरेमी फॉक्स यांनी तर हे मधल्या टप्प्याचं गृहीतक मोडीतच काढावं असं लिहिलं. मला वाटतं, त्याहून उपयोगी गोष्ट लुबचेंकोंच्या डबक्यात आहे: तिथून उचललं जातंय ते बलवान आहे की दुर्मीळ, हे आधी पाहावं.

या प्रश्नासह एडमंडकडे परत गेलं की त्याचं दुःख खरं ठरतं, कारण मात्र बदलतं. संग्राहकाचा हात लाटेसारखा नसतो. लाट समोर येईल ते ओरबाडते आणि जे जास्त असतं ते जास्त नेते. संग्राहक सुंदर, मोठं, क्वचित सापडणारं तेवढं वेचतो. शिवाय वेचलेलं लवकर भरून येईलच असं नाही. जॉन डॅलियल यांनी १८२८ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून आणलेलं एक समुद्रफूल एडिंबरामध्ये बरणीत १८८७ पर्यंत जगलं. हिरवं शेवाळ काही आठवड्यांत परत उगवतं. इतकं जगणाऱ्या जीवाला त्या हिशेबात बसवता येत नाही. डबकी पवित्र होती म्हणून गेली नाहीत. वेचणाऱ्यांची आवड चुकीच्या बाजूला झुकलेली होती, म्हणून गेली.

आपल्याकडे मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावरही ओहोटीला समुद्रफुलं आणि प्रवाळ दिसतात. भराव टाकताना ‘इथले जीव लाटांचा मारा सोसतातच’ असा युक्तिवाद करायला कॉनेलची टेकडी अगदी सोयीची आहे. पण भराव बलवानाला उचलत नाही आणि दुर्मिळालाही वेचत नाही. तो ज्यावर सगळे परत येऊ शकले असते तो खडकच काढून घेतो. अशा गोष्टीला त्या आलेखावर जागाच नाही. पर्यावरणाच्या अहवालात ‘विस्कळीतपणा’ हा शब्द आला की ‘किती’च्या आधी ‘काय’ आणि ‘परत येणार का’ हे विचारायला हवं. गॉस बापाला हे कुणी वेळेवर विचारलं नाही. आपल्याकडे तर १९७८ पासून उत्तराचा नमुनाही आहे.