ईमेलवरची वेळ आणि माझा हुकलेला एक तास

मागच्या पोस्टमध्ये पावसाच्या नोंदींबद्दल लिहिलं होतं. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८:३० ला संपतो आणि जागतिक वेळेत, म्हणजे यूटीसीमध्ये, तेव्हा बरोबर ३:०० वाजलेले असतात, हे त्यात आलं होतं. रोज असल्या आकड्यांत काम करत असल्यामुळे वेळेच्या बाबतीत मी स्वतःला जरा शहाणी समजत होते. मग १२ मार्च २०२५ चा बुधवार आला.

झालं असं. अमेरिकेतल्या एका उन्हाळी अभ्यासवर्गासाठी माझी ऑनलाइन मुलाखत ठरली होती. २० फेब्रुवारीला मेल आला: १२ मार्च, सकाळी १०, आमच्या स्थानिक वेळेप्रमाणे. मी हुशारी केली. मेलचा मूळ मजकूर उघडला, तारखेच्या ओळीत शेवटी -०५०० दिसलं. म्हणजे ते लोक यूटीसीच्या पाच तास मागे. त्यांचे सकाळचे १० म्हणजे यूटीसी १५:००, त्यात आपले साडेपाच मिळवले की रात्रीचे ८:३०. आठ वाजताच अंबाजोगाईच्या घरात इन्व्हर्टर तपासून, मोबाइलचा हॉटस्पॉट लावून तयार बसले. इनबॉक्समध्ये ७:४२ चा मेल पडलेला होता: आम्ही थांबलो होतो, तुम्ही आला नाहीत.

मुलाखत साडेसातला होती. ९ मार्चच्या रविवारी अमेरिकेची घड्याळं एक तास पुढे गेली होती. -०५०० चं -०४०० झालं होतं. दुसरी वेळ मिळाली नाही.

घरचे म्हणाले, कॉम्प्युटरचा घोळ असेल. दोन दिवस मीही तेच म्हणत होते. मग हेडर पुन्हा वाचलं आणि कळलं की मेल एका अक्षरानेही खोटं बोललेला नाही. चूक माझी होती. पण दरवर्षी मार्च आणि नोव्हेंबरमध्ये शिकलेसवरलेले लोक त्याच खड्ड्यात पडत असतील, तर नुसतं "माणसाची चूक" म्हणून भागत नाही, खड्डाही बघावा लागतो. म्हणून आजची पोस्ट ही ईमेलमध्ये वेळ लिहायच्या आणि दाखवायच्या पद्धतीवरची टीका आहे.

आधी हेडर वाचूया

मेलच्या पोटात दोन प्रकारच्या वेळा असतात. पहिली "डेट" ही ओळ. ती पाठवणाऱ्याच्या बाजूला लागते. थंडरबर्ड किंवा आउटलुकसारख्या प्रोग्रॅममधून पाठवलं तर त्या लॅपटॉपचं घड्याळ जे सांगेल ते तिथे छापलं जातं. ब्राउझरमधून जीमेल वापरलं तर सर्व्हरचं घड्याळ. दुसऱ्या "रिसीव्हड" नावाच्या ओळी. मेल ज्या ज्या सर्व्हरमधून जातो तो प्रत्येक सर्व्हर आपली वेळ सर्वांत वर चिकटवतो. म्हणून या ओळी खालून वर वाचायच्या. जीमेलमध्ये मेलच्या तीन टिंबांवर "शो ओरिजिनल" केलं की हे सगळं दिसतं.

तपासायची रीत साधी आहे. डेट आणि सर्वांत खालची रिसीव्हड, दोन्ही यूटीसीमध्ये आणा आणि वजाबाकी करा. काही सेकंदांचा फरक असेल तर मेल निर्दोष, आणि घोळ दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये किंवा वाचणाऱ्या माणसात. मोठा फरक असेल तर तो किती आहे यावरून बरंच कळतं. साडेपाच तास असतील तर बहुतेक कुठेतरी भारतीय वेळ यूटीसी समजली गेली आहे, किंवा उलट. बरोबर एक तास असेल तर पहिला संशय उन्हाळी वेळेवर, म्हणजे डीएसटीवर.

आणि साडेनऊ तास असतील तर? हा प्रकार आपल्याकडचा आहे. माझ्या मैत्रिणीचा भाऊ न्यू जर्सीला असतो. त्याने आपला जुना लॅपटॉप तिला आणून दिला. तिने उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ हाताने भारतीय वेळेला लावलं, पण टाइमझोन तसाच राहिला: ईस्टर्न टाइम. जुलैमध्ये तिने एक अर्ज सकाळी ९:०४ ला मेलने पाठवला. मुदत त्या दिवशी संध्याकाळी ५ ची. लॅपटॉपने डेटमध्ये लिहिलं ०९:०४ -०४००. म्हणजे यूटीसी १३:०४, म्हणजे आपले संध्याकाळचे ६:३४. समोरच्या कार्यालयाच्या पडद्यावर तीच वेळ दिसली आणि अर्ज उशिरा आला म्हणून बाजूला पडला.

आम्ही हेडर काढलं. सर्वांत खालच्या रिसीव्हडमध्ये ०३:३४ +००००, म्हणजे आपले ९:०४. दोन वेळांत बरोबर साडेनऊ तासांचा फरक. हेडरची प्रिंट घेऊन ती गेली आणि अर्ज घेतला गेला. लॅपटॉप तसाच ठेवला असता तर नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ आपोआप एक तास मागे गेलं असतं, तिने ते पुन्हा हाताने पुढे केलं असतं, आणि फरक साडेदहा तासांचा झाला असता. इलाज एका मिनिटाचा: आधी टाइमझोन बदला, मग घड्याळ आपोआप जुळू द्या. हाताने काटे फिरवू नका.

कायद्याची बाजूही लक्षात ठेवा. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम १३ प्रमाणे, दोघांत वेगळं काही ठरलेलं नसेल तर, संदेश पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या यंत्रणेत शिरतो तेव्हा तो "पाठवला" असं धरतात. लॅपटॉपचं घड्याळ काय म्हणतं यापेक्षा पहिल्या सर्व्हरची नोंद का महत्त्वाची, ते यातून कळतं.

माझी पहिली तक्रार: पडदा लपवतो

मैत्रिणीच्या प्रकरणात हेडरमध्ये सगळा पुरावा होता. पण कार्यालयातल्या माणसाला दिसलं फक्त "६:३४". -०४०० दिसलं असतं तर त्याने निदान विचारलं असतं की आपल्या गावच्या पोरीचा मेल अमेरिकेच्या वेळेत कसा? मेलचे प्रोग्रॅम सगळ्या वेळा वाचणाऱ्याच्या टाइमझोनमध्ये बदलून दाखवतात आणि मूळ आकडा पोटात ठेवतात. सोय म्हणून ठीक आहे. पण डेट आणि रिसीव्हडमध्ये नऊ तासांचं अंतर असताना एक साधा इशारा द्यायला काय हरकत आहे?

हे बदलणं नेहमी बरोबर होतं असंही नाही. अमेरिकेने २००५ च्या कायद्याने डीएसटीच्या तारखा बदलल्या. २००७ पासून ती मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होऊन नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपते. व्हिस्टाच्या आधीच्या विंडोजमध्ये प्रत्येक टाइमझोनला एकच नियम ठेवायची जागा होती. नवा नियम टाकला की जुन्या वर्षांनाही तोच लागायचा. त्यामुळे तिथल्या टाइमझोनवर चालणाऱ्या अशा मशीनवर २००६ च्या २० मार्चचा मेल अचानक एक तास सरकलेला दिसू शकतो. मेल तोच, हेडर तेच, फक्त पडदा वेगळं सांगतो.

दुसरी तक्रार: तीन अक्षरं

ईमेलचा १९८२ चा नियम, आरएफसी ८२२, यात टाइमझोन नावाने लिहायची मुभा होती: ईएसटी, ईडीटी, पीएसटी वगैरे. यादी जवळजवळ सगळी अमेरिकेची, आपलं आयएसटी त्यात नव्हतंच. पुढे २००१ च्या आरएफसी २८२२ ने आणि २००८ च्या ५३२२ ने नवे मेल आकड्यातच लिहायचे असं ठरवलं, ते चांगलं केलं. पण माणसं मजकुरात अजून अक्षरंच लिहितात.

आयएसटी म्हणजे काय? भारताचं, इस्राएलचं आणि आयर्लंडचं, तिन्ही. पोस्टग्रेस हा डेटाबेस मूळ सेटिंगमध्ये आयएसटी म्हणजे इस्राएल समजतो. भारत हवा असेल तर वेगळी सेटिंग करावी लागते. जावा मात्र त्याच अक्षरांचा अर्थ कोलकाता घेते. एकाच प्रकल्पात दोन्ही वापरले तर साडेतीन तासांचा फरक पडू शकतो, आणि दोन्ही प्रोग्रॅम आपापल्या जागी "बरोबर".

ईएसटीचं तर विचारूच नका. जुलैमध्ये एखादी परिषद लिहिते, मुदत संध्याकाळी ५ ईएसटी. अक्षरशः घेतलं तर आपले पहाटेचे ३:३०. पण जुलैत तिकडे ईडीटी चालू असतं आणि लिहिणाऱ्याच्या मनात बहुतेक तेच असतं, म्हणजे २:३०. अशा वेळी कायम आधीची वेळ धरा.

तिसरी तक्रार, आणि ही मुख्य

माझी मुलाखत का हुकली? कारण मी -०५०० ला पत्ता समजले. तो पत्ता नाही. "हा मेल लिहिला त्या क्षणी इथलं घड्याळ यूटीसीपेक्षा इतकं मागे होतं" एवढंच तो आकडा सांगतो. माणूस न्यूयॉर्कला आहे की पेरूतल्या लिमाला, हे त्यातून कळत नाही. लिमाचं घड्याळ वर्षभर -०५०० वर असतं, न्यूयॉर्कचं फक्त हिवाळ्यात. फेब्रुवारीत दोन्हीकडचे मेल सारखे दिसतात, मार्चमध्ये वाटा वेगळ्या होतात.

घडून गेलेल्या क्षणासाठी आकडा पुरेसा आहे, खरं तर उत्तम आहे. उद्या एखाद्या देशाने डीएसटी बंद केली तरी कालच्या मेलची वेळ बदलत नाही. नियम लिहिणाऱ्यांची इथे चूक नाही. पण येणाऱ्या क्षणासाठी आकडा पुरत नाही, तिथे जागेचं नाव लागतं. कॅलेंडरच्या निमंत्रणात ही सोय आहे: २००९ च्या आरएफसी ५५४५ प्रमाणे त्यात टाइमझोनचं नाव आणि त्याचा नियम जातो. २०२४ च्या आरएफसी ९५५७ ने वेळेच्या दुसऱ्या एका प्रचलित मांडणीला आकड्याच्या पुढे जागेचं नाव जोडायची रीत घालून दिली. ईमेलची डेट ओळ मात्र आकड्यावरच थांबली आहे, आणि भेटी तर आपण ईमेलवरच ठरवतो.

आपल्याला हा खड्डा दिसत नाही याचं कारण आपलं घड्याळ कधी हलत नाही. "भारतात डीएसटी नाही" हे आज खरं आहे, कायमचं नाही. दुसऱ्या महायुद्धात देशाची घड्याळं एक तास पुढे केली होती. टाइमझोनच्या जागतिक डेटाबेसमध्ये एशिया/कोलकाता या नोंदीत १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ हा काळ +०६३० आहे. पायथॉनमध्ये १९४३ ची तारीख देऊन बघा, साडेसहा येतात.

माझ्या कामात हे थेट येतं. १९४३ च्या पावसाच्या वहीतले सकाळचे ८:३० मी डोळे मिटून यूटीसीमध्ये बदलले तर ३:०० ऐवजी २:०० येतात. वही लिहिणाऱ्याने कोणतं घड्याळ धरलं होतं हे प्रोग्रॅमने विचारलेलंही नसतं. तेव्हा बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, आणि हा डेटाबेस स्वतःच सांगतो की आपली हमी १९७० नंतरचीच. मुंबई शहर तर १९०६ मध्ये देशाची प्रमाणवेळ आल्यावरही कित्येक वर्षं ३९ मिनिटं मागे असलेली स्वतःची वेळ चालवत होतं. म्हणून जुन्या नोंदी मी आता आपोआप बदलू देत नाही. मूळ वेळ जशीच्या तशी एका रकान्यात ठेवते, बदललेली दुसऱ्यात.

तर करायचं काय

बाहेरच्या कुणाशी वेळ ठरवताना शहराचं नाव लिहा आणि यूटीसीही लिहा: "न्यूयॉर्क सकाळी १०, म्हणजे १४:०० यूटीसी, भारतात संध्याकाळी ७:३०." तिन्हींपैकी एक चुकलं तर समोरचा पकडतो. कॅलेंडरचं निमंत्रण मागा. मार्चचा दुसरा ते शेवटचा रविवार, आणि ऑक्टोबरचा शेवटचा ते नोव्हेंबरचा पहिला रविवार, या काळात जास्त जपा. तेव्हा अमेरिका आणि युरोप यांची घड्याळं वेगवेगळ्या दिवशी सरकतात, त्यामुळे तिघांच्या बैठकीत नेहमीचं गणित मोडतं. आणि "उशिरा आलं" असं कुणी म्हटलं तर भांडायच्या आधी मूळ हेडर जपून ठेवा.

त्या अभ्यासवर्गाला पुढच्या वर्षी मी पुन्हा अर्ज करणार आहे. मुलाखतीचा मेल आला तर उत्तरात पहिली ओळ यूटीसीची असेल. तुमच्याकडेही असा एखादा मेल पडून असेल तर हेडर काढा, वजाबाकी करा आणि फरक किती आला ते खाली कळवा.