जीवाणूंची धातुसहिष्णुता : मापनपद्धतीची चिकित्सा

नाशिकच्या सातपूर व अंबड औद्योगिक वसाहतींत इलेक्ट्रोप्लेटिंगचे कारखाने आहेत. अशा कारखान्यांच्या सांडपाण्यातून क्रोमियम, निकेल, जस्त हे धातू वाहू शकतात. त्यातील जीवाणू विलग करून त्यांची धातुसहिष्णुता मोजणे हा महाविद्यालयीन संशोधनाचा आवडता विषय होय. तथापि प्रचलित पद्धतीत दोन दोष संभवतात.

पहिला दोष माध्यमाचा. पेप्टोनयुक्त पोषक माध्यमातील सेंद्रिय घटक धातूचे आयन बांधून ठेवतात. फॉस्फेटमुळे शिशाचा अवक्षेप होतो. परिणामी जीवाणूपर्यंत पोहोचणारा मुक्त धातू नोंदविलेल्या मात्रेपेक्षा कमी असतो व सहिष्णुता फुगलेली दिसते. बेल्जियममधील जस्त कारखान्याच्या टाकीतून १९७६ साली मिळालेल्या ‘सीएच-३४’ या सुप्रसिद्ध जीवाणूच्या अभ्यासात ट्रिसयुक्त किमान माध्यम वापरले गेले, ते याचसाठी.

दुसरा दोष निष्कर्षाचा. सहिष्णुता म्हणजे शुद्धीकरणक्षमता नव्हे. हाच जीवाणू जस्त, कॅडमियम व कोबाल्ट पेशीबाहेर फेकून तग धरतो. बाहेर फेकलेला धातू पाण्यातच राहू शकतो. काही जीवाणू षट्संयुजी क्रोमियमचे कमी विषारी त्रिसंयुजी रूपात क्षपण करतात. तेथेही एकूण क्रोमियम घटत नाही.

म्हणून प्रयोग गाळलेल्या प्रत्यक्ष सांडपाण्यात व्हावा, जीवाणूविरहित नियंत्रण ठेवावे आणि अखेरीस विद्राव्य धातू मोजावा. अन्यथा प्रयोगशाळेतील फुगलेला आकडा प्रक्रिया केंद्राच्या आराखड्यात शिरेल आणि त्याची किंमत नासर्डीला व पुढे गोदावरीला मोजावी लागेल.