वाइल्डकॅट विमानाच्या सहा बंदुका

दुसऱ्या महायुद्धांतील लढाऊ विमानांवर जे ग्रंथ निघतात त्यांच्या कोष्टकांत विमानागणिक बंदुकांची संख्या व माप दिलेलीं असतात. प्रत्येक बंदुकीस गोळ्या किती, हें बहुधा नसतें. किल्ल्यावरील तोफांची मोजदाद करावी आणि दारूगोळ्याचा झाडा मात्र सोडून द्यावा, त्यांतलाच हा प्रकार. अमेरिकन आरमाराच्या ग्रमन वाइल्डकॅट विमानासंबंधीं या उणीवेमुळें एका निर्णयाचा अर्थच उलटा लागला आहे.

एफ४एफ-३ या प्रकाराच्या पंखांत अर्धा इंची चार ब्राउनिंग मशिनगन होत्या व प्रत्येकीस ४५० गोळ्या. पुढील एफ४एफ-४ मध्यें सहा बंदुका आल्या, गोळ्या प्रत्येकीस २४०. कोष्टकांत ही सुधारणा दिसते. बेरीज केली तर १८०० च्या १४४० झाल्या. मिनिटास सुमारें ८०० गोळ्यांचा वेग धरल्यास माऱ्याचा अवधि ३४ सेकंदांवरून १८ वर उतरला. ब्रिटिश आरमाराच्या मागणीशीं मेळ राखण्यासाठीं हा फेरफार झाला, असें सांगतात. तसें असल्यास शत्रु कोण याचा विचार बाजूस राहिला, असेंच म्हटलें पाहिजे. जर्मन बाँबफेकी विमान पाडण्यास जड मारा हवा. जपानी झीरोच्या पेट्रोलच्या टाक्यांस तेव्हां संरक्षणच नव्हतें.

मिडवेच्या लढाईनंतर (जून १९४२) लेफ्टनंट कमांडर जॉन थॅच यांनीं आपल्या अहवालांत वाइल्डकॅट हें चढण, वेग व वळण या तिहींत झीरोहून उणें असल्याचें रोखठोक लिहिलें. हा अहवाल पुढें करून कांहीं लेखक सारा दोष जादा दोन बंदुकांच्या माथीं मारतात. हेंही ग्राह्य नाहीं. एफ४एफ-४ चे पंख घडीचे होते, आणि त्या यंत्रणेचें वजनही त्याच सुमारें १२०० अश्वशक्तीच्या एंजिनास वाहावें लागे. पण घडीमुळेंच मिडवेस प्रत्येक विमानवाहू नौकेवर १८ ऐवजीं २७ लढाऊ विमानें नेतां आलीं. त्या वजनाचा मोबदला मिळाला; बंदुकांच्या वजनाचा, आमच्या मतें, मिळाला नाहीं.

याचा निर्णायक पुरावा अहवालांत नसून पुढील विमानांत आहे. जनरल मोटर्सच्या ईस्टर्न शाखेनें १९४२ मध्येंच बांधावयास घेतलेल्या एफएम-१ मध्यें घडीचे पंख तेच, एंजिन तेंच; बंदुका मात्र पुन्हां चार व गोळ्या प्रत्येकीस ४३०. दिलेला हुकूम मागें घेतल्याचा इतका स्वच्छ दाखला संशोधकास क्वचितच सांपडतो. नंतरच्या एफएम-२ स १३५० अश्वशक्तीचें एंजिन लाभलें, तरी पांचवी बंदूक आली नाहीं.