विमानयुद्धांची दप्तरे : एक परामर्श

ऐतिहासिक साधने म्हटली म्हणजे आपल्या मंडळींच्या डोळ्यांसमोर मोडी रुमाल, फार्सी अखबार, ताम्रपट व पोथ्या उभ्या राहतात. ते योग्यच आहे. परंतु गेल्या शंभराहून अधिक वर्षांत युद्धास विमानाच्या रूपाने एक नवे अंग फुटले, त्या अंगाची दप्तरे तयार झाली, आणि ती आपल्या डोळ्यांदेखत नष्टही होऊ लागली आहेत. ही दप्तरे हौसेने जमविणाऱ्या संशोधकांची कामगिरी कोणत्या योग्यतेची आहे व तिच्यापैकी काय राखले पाहिजे, याचा प्रस्तुत लेखात थोडक्यात परामर्श घ्यावयाचा आहे. आमचे आयुष्य संस्कृत शिकविण्यात गेले. विमानविद्येत आम्हांस अधिकार नाही. तथापि पाठ कसा पारखावा एवढ्यापुरते बोलण्यास हरकत नसावी.

हा विषय बीड जिल्ह्यास परका आहे, असा आक्षेप प्रथमच येईल. तो खरा नाही. १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत आमचा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानचे अधिपती मीर उस्मान अली खान यांनी पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारास विमाने दिली, व ती ज्या ११० क्रमांकाच्या पथकास मिळाली त्यास हैदराबादचे नाव पडले. दुसऱ्या महायुद्धात १५२ व २५३ या क्रमांकांच्या पथकांसही तेच नाव मिळाले. पैकी १५२ क्रमांकाच्या पथकाच्या चिन्हात निजामाचे शिरोभूषण असून बोधवाक्य 'विश्वासू मित्र' या अर्थाचे आहे. 'यार-इ-वफादार' ही निजामाची पदवी ज्यांस ठाऊक आहे, त्यांस त्या बोधवाक्याचे मूळ सांगावयास नको. आम्ही चौतीस वर्षे याच जिल्ह्यात शिक्षकी केली. पण यातले एक अक्षरही विद्यार्थ्यांस सांगितले नाही, कारण आम्हांसच ते ठाऊक नव्हते.

या दानाचा एक लेख अद्यापि अवशिष्ट आहे. ११० क्रमांकाच्या पथकाचे डी. एच. ९ ए जातीचे एक विमान ५ ऑक्टोबर १९१८ रोजी जर्मन हद्दीत उतरविणे भाग पडले व आतील दोघे कैद झाले. ते विमान जर्मनांनी बर्लिन येथे प्रदर्शनात ठेविले. दुसऱ्या महायुद्धात ते पोलंडात गेले. पुढे क्राकोच्या संग्रहालयातून १९७७ साली एका स्पिटफायर विमानाच्या बदल्यात इंग्लंडास परतले, आणि आज लंडनजवळील हेंडन येथे आहे. त्याच्या अंगावर दात्याचे नाव व 'हैदराबाद क्रमांक १२ अ' असा लेख आहे. दाता, देय वस्तू आणि तिचा क्रमांक ही ताम्रपटाची अंगे येथेही आहेत. 'अ' या अक्षरावरून हे विमान मूळच्या बाराव्याच्या जागी आले असावे, असे अनुमान निघते. त्याचे धड जुने आहे, पंख मात्र नव्याने घडविलेले आहेत. त्रुटित पोथीत संपादकाने घातलेला मजकूर कंसात दाखवितात. येथेही जुने कोणते व नवे कोणते हे सांगितल्यावाचून साधन प्रमाण मानता येत नाही.

एका विमानाची ही वंशावळ जुळविण्यास चार देशांतील कागद पाहावे लागतात. असली कामे सरकारी इतिहासकारांनी थोडी व खासगी गृहस्थांनी पुष्कळ केली आहेत. कोणी निवृत्त यांत्रिक, कोणी अध्यापक, कोणी वैमानिकाचा मुलगा. ते परस्परांस पत्रे लिहितात, छायाचित्रे पाठवितात, एकमेकांच्या चुका काढतात. मिरजेस शाळेत संस्कृत शिकवून पटवर्धनांच्या दप्तरांतून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' सिद्ध करणारे वासुदेवशास्त्री खरे, किंवा गावोगाव पायपीट करून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' यांचे बावीस खंड काढणारे राजवाडे ज्या परंपरेचे, त्याच परंपरेत आम्ही या मंडळींस बसवितो.

त्यांच्या पद्धतीचा उत्तम गुण म्हणजे उभयपक्षांचे कागद ताडून पाहणे. ७ सप्टेंबर १९६५ रोजी सरगोद्यावरील हल्ल्यास गेलेले स्क्वाड्रन लीडर देवय्या यांचे मिस्टेअर विमान परतले नाही. आपल्या बाजूस ते केवळ बेपत्ता होते. पुढे १९७९ साली जॉन फ्रिकर या इंग्रज लेखकाने पाकिस्तानी बाजूच्या माहितीवरून पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात, त्या दिवशी पाकिस्तानचे एक स्टारफायटर विमान एका मिस्टेअरशी झुंजताना पडल्याचा वृत्तांत आला. दोन्हीकडील हकीकती जुळविता ते मिस्टेअर देवय्या यांचेच ठरले, व १९८८ साली त्यांस मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. आमच्या जिल्ह्यातील राक्षसभुवनच्या लढाईचा (१० ऑगस्ट १७६३) विचार करू पाहणारास पेशव्यांची पत्रे व निजामाकडील फार्सी कागद दोन्ही लागतात, तसाच हा प्रकार होय. १९६५ च्या विमानयुद्धावर जगन मोहन व समीर चोप्रा यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेला इंग्रजी ग्रंथ याच पद्धतीचा आहे. दोघेही पेशाने सैनिक नव्हेत. तरी स्वपक्षाचे नुकसान न झाकता त्यांनी मांडले आहे. हा गुण आपल्याकडील पुष्कळ लढायांच्या वर्णनांत आढळत नाही.

आता दोष. पहिला दोष मूळ न सांगता नक्कल करण्याचा. एकाने यादी केली, दुसऱ्याने ती उतरली, तिसऱ्याने दोघांचा आधार दिला; आणि एका साक्षीदाराचे तीन साक्षीदार झाले. दुसरा दोष नावे मुकाट्याने 'शुद्ध' करण्याचा. मुंबईचे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर हे पहिल्या महायुद्धात सॉपविथ डॉल्फिन विमान चालवीत असता शत्रूच्या हद्दीत पडले व ३० जून १९१८ रोजी निवर्तले. जर्मनांनी त्यांस पुरताना नाव बिघडलेल्या रूपात नोंदविले, आणि थडग्याची ओळख युद्ध संपल्यावर पटली. तो अशुद्ध पाठ कोणी सद्हेतूने दुरुस्त करून टाकला असता, तर ती ओळख कशावरून पटली हे पुढच्यांस कळले नसते. अशुद्ध पाठ हाही पुरावाच असतो. तो तसाच ठेवून दुरुस्ती बाजूस लिहावी. तिसरा दोष छायाचित्राच्या कडा कापण्याचा व पाठीमागचा मजकूर न उतरण्याचा. तारीख, स्थळ व छायाचित्रकाराचा शिक्का तेथेच असतो.

परंतु याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. ही मंडळी आपले निर्णय छापतात. ज्या वादातून निर्णय निघाला तो वाद मात्र छापीत नाहीत. तो त्यांच्या पत्रांत, वह्यांत, आता संगणकातील टिपणांत राहतो, आणि मालकाबरोबर जातो. शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष व मग सिद्धान्त असतो. पूर्वपक्ष गाळून केवळ सिद्धान्त पाठ करणारा विद्यार्थी पहिल्याच शंकेस निरुत्तर होतो, हे आम्ही वर्गात अनेकदा पाहिले आहे. ब्रिटिश पथकांच्या रोजनिश्या लंडनजवळील क्यू येथील सरकारी दफ्तरखान्यात सुरक्षित आहेत. त्यांची नक्कल आज बुडाली तर उद्या पुन्हा करता येईल. एखाद्या वैमानिकाने म्हातारपणी पाठविलेले 'तुम्ही म्हणता ते विमान माझे नव्हते' असे उत्तर बुडाले, तर ते पुन्हा मिळावयाचे नाही. म्हणून राखावयाचे ते प्रथम उत्तर, मग नक्कल.

या ठिकाणी आमचा स्वतःचा अपराध सांगणे प्राप्त आहे. आमच्या तालुक्यात वायुदलातून निवृत्त झालेले एक यांत्रिक राहत असत. तीस वर्षे खपून त्यांनी नऊ वह्या भरल्या होत्या. तीत हैदराबाद-पथकांच्या याद्या होत्या. सप्टेंबर १९४८ च्या कारवाईत आकाशातून गेलेली विमाने ज्यांनी शेतात उभे राहून पाहिली, अशा वृद्धांच्या जबान्याही होत्या. कोणत्या दिवशी, कोणत्या दिशेने, किती, आणि आवाज कसा, इतके बारकाईने त्यांनी विचारले होते. 'गुरुजी, एकदा येऊन वह्या नजरेखालून घाला,' असा त्यांचा निरोप दोनदा आला. आम्ही दिवाळीनंतर येतो म्हणालो आणि संक्रांतीनंतर गेलो. तोपर्यंत ते वारले होते. घर रिकामे करताना वह्या रद्दीत गेल्या होत्या, व संगणकाचा परवलीचा शब्द मुलांस ठाऊक नव्हता. मुलांस दोष देववत नाही; त्या वह्यांचे मोल त्यांस कोणी सांगितलेच नव्हते. आमच्या हाती चौथी वही तेवढी लागली, ती वाणसामानाच्या पिशवीत उरली होती म्हणून.

ती वाचता वर सांगितलेले गुणदोष दोन्ही दिसतात. याद्यांस आधार दिलेला नाही. जबान्या मात्र शब्दशः, बोलीतच, वय व गाव देऊन उतरल्या आहेत. दोन साक्षी एकमेकींस छेदतात तेथे समासात 'पुन्हा विचारणे' असे लिहिले आहे. पुन्हा विचारले असल्यास ते पुढल्या वह्यांत असणार. आता त्या साक्षीदारांपैकी कोणी हयात नाही.

संरक्षण मंत्रालयाने २०२१ साली युद्धविषयक कागद साधारणतः पंचवीस वर्षांनी खुले करण्याचे धोरण ठरविले, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. पण सरकारी कागद खुले झाले तरी ही खासगी दप्तरे त्यांत नसणार. ती घेणे संशोधनसंस्थांचे काम आहे. 'हे फार अलीकडचे' म्हणून त्यांनी हात आखडू नये. राजवाड्यांचा पहिला खंड १८९८ साली निघाला, तेव्हा राक्षसभुवनास १३५ वर्षे झाली होती. हैदराबादची विमाने लढली त्यासही आता शतक उलटून गेले. संग्राहक हयात असतानाच त्याच्याकडे जावे, त्याची पत्रे व टिपणे न निवडता न सुधारता जशीच्या तशी घ्यावी, संगणकातील मजकुराच्या दोन प्रती दोन गावी ठेवाव्या, आणि कोणता कागद कोणाकडून आला त्याची यादी त्याच्याच तोंडून लिहून घ्यावी. यास फार द्रव्य लागत नाही.

चौथी वही आम्ही या संस्थेच्या संग्रहात दाखल करीत आहो. उरलेल्या आठ वह्या निळ्या कापडी पुठ्ठ्याच्या, आडव्या आकाराच्या, पहिल्या पानावर तांबड्या शाईने अंक घातलेल्या अशा आहेत. बीड, अंबाजोगाई, माजलगाव किंवा गेवराई येथील रद्दीत कोणा वाचकास यांपैकी एखादी आढळल्यास ती घेऊन ठेवावी व संस्थेस कळवावे. जी किंमत पडेल ती आम्ही देऊ.