‘कोसला’ : पांडुरंग सांगवीकरचा स्वर

पात्राला स्वतंत्र स्वर लाभतो म्हणजे नेमके काय होते, या प्रश्नाचे उत्तर मराठीत बहुधा बोलीच्या अंगाने दिले जाते. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मधील (१९६०) कौतिकपुरते ते बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’चा (१९६३) निवेदक पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या खेड्यातून पुण्यास शिकावयास आलेला असूनही प्राधान्याने बोलीत निवेदन करीत नाही. तरीही त्याचे वाक्य त्याचेच म्हणून ओळखू येते. प्रस्तुत लेखात या ओळखीच्या मुळाचा शोध घ्यावयाचा आहे.

‘वगैरे’ या शब्दाच्या विपुल वापराची नोंद सर्वांनीच केली आहे. ती केली की शैलीविचार संपला, अशी वर्गाध्यापनातील समजूत मात्र घातक आहे. ‘वगैरे’ ही पांडुरंगची केवळ लकब नव्हे. मोठ्या शब्दांविषयीचा तो संशय आहे. वसतिगृह, मेस, गॅदरिंग, वडिलांचा पैसा यांविषयी सांगताना भावनेचे नाव घेण्याची वेळ आली, की तो वाक्य तेथेच सोडून देतो. पुढे डायरी येते. वर्तमानाकडे भविष्यातील इतिहाससंशोधकाच्या नजरेने पाहणारे विडंबन येते. रूपे बदलतात, संशय तोच राहतो. म्हणूनच स्वर तुटत नाही.

या स्वराची खरी कसोटी धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूच्या प्रसंगी लागते. एखाद्या सामान्य लेखकाने येथे निवेदकाच्या तोंडी रीतसर शोकाची भाषा घातली असती. नेमाडे ती उसनी आणत नाहीत. वाक्ये पूर्वीसारखीच तुटक, अलंकारहीन आहेत. पण आजवर ढालीसारखा वापरलेला बेफिकीरपणा आता निवेदकाला वाचवू शकत नाही. आधीच्या थट्टेमागे किती भय दडले होते, हे वाचकास येथे मागे वळून कळते. कादंबरीचा हा सर्वोत्कृष्ट भाग होय. त्या तुलनेत अखेरचा भाग काही ठिकाणी पुनरुक्त वाटतो; निवेदकच थकला आहे, हा बचाव मला अपुरा वाटतो.

पुढील काळातील अनुकरणांनी ‘वगैरे’ उचलला, त्यामागील संशय नव्हे. स्वतः नेमाडे यांनी ‘बिढार’पासून (१९७५) चांगदेव पाटीलची कथा तृतीयपुरुषी निवेदनातून सांगितली, पांडुरंगचा स्वर त्याला दिला नाही.