मापदंड कोणाचा?
डीएनए चाचणीचा निकाल म्हणजे अंतिम सत्य, असे जुन्नर-आंबेगावचे माझे विद्यार्थी मानतात. मला ते मान्य नाही. चाचणीत डीएनएचा आधीच बेतलेला तुकडा वापरतात. तो जिथे चिकटायचा तिथेच एखाद्याच्या डीएनएत फरक असेल, तर आईबापांकडून आलेल्या दोन प्रतींपैकी एक वाचलीच जात नाही आणि निदान चुकू शकते. २०१५ साली पूर्ण झालेल्या 'हजार जीनोम' प्रकल्पात दक्षिण आशियातले पाच समूह होते : गुजराती, पंजाबी, बंगाली, तेलुगू, तमिळ. मराठी एकही नाही. मग कातकरी, महादेव कोळी, महार कुठले? प्रस्थापित समीक्षेच्या मापातही आमचे साहित्य असेच बसले नव्हते. विज्ञानाला नकार नको. पण त्याचा मापदंड कोणावरून बेतला, हे आपण विचारलेच पाहिजे.