पडद्यावरची पहिली मोहिनी

पेणच्या कारखान्यांत गणपतीचें सर्वांग रंगलें, तरी डोळ्यांची आखणी झाल्यावांचून मूर्ति आपणांकडे पाहत नाहीं. मूकपटांतील नटीचेंही तसेंच. वाणी नसल्यामुळें सारी भिस्त डोळ्यांवर. रोह्याचे आमचे एक रसिक स्नेही कमलाबाई गोखले यांना 'पहिली चित्रपटनटी' म्हणून वाखाणतात. फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर' (१९१३) या मूकपटांत त्या मोहिनी झाल्या, मातोश्री दुर्गाबाई कामत पार्वती. त्याच वर्षींच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्यें तारामतीचें काम साळुंके या पुरुषाला करावें लागलें होतें, हें ध्यानीं घेतां मान मोठा खराच. पण तो चित्रपट आज उपलब्ध नाहीं. मग ते डोळे काय बोलले, हें कोणीं ठरवावें? पहिलेपणा म्हणजे अभिनयाची पारख नव्हे. ती रंगभूमीवरच करावी लागते. तेथें पूर्वीं स्त्रीभूमिका करणारे पति रघुनाथराव त्यांच्यासमोर नायक म्हणून उभे राहूं लागले! ऐन तारुण्यांत वैधव्य आलें, तरी मुलांना वाढवीत त्यांनीं अभिनय चालूच ठेविला. रीना मोहन यांच्या 'कमलाबाई' या माहितीपटांत वृद्धपणींच्या कमलाबाई बोलतात. स्नेह्यांनीं तो आवाज एकदां ऐकावा. फाळक्यांच्या कॅमेऱ्याला तो टिपतां येत नव्हता.